एक डोंगर, दोन समुद्र आणि चाळीसगाव

बालमित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर ठेवा पाहू! जळगाव जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात चाळीसगाव सापडलं का? मुंबईहून भुसावळकडे जाताना हे जंक्शन लागतं आणि इथूनच धुळ्याला जाणारा रेल्वेचा फाटा फुटतो.

गावातून दक्षिणेकडे पाहिलं, की लांबच लांब निळसर भिंत दिसते. ते सातमाळ्याचे डोंगर. जवळ गेलात तर कड्यांवर आडवे थर दिसतील. जणू भाकरीवर भाकरी रचून ठेवली आहे! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर आला, पसरला आणि थंड झाला. त्याचेच हे थर. आपला काळा दगड तो हाच.

या डोंगरातून धुळे-सोलापूर महामार्ग कन्नडकडे चढतो. या घाटाला कन्नडचा घाट म्हणतात, तसंच औट्रम घाटही म्हणतात. इंग्रजांच्या काळात खान्देशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम या अधिकाऱ्याचं नाव त्याला मिळालं.

आता खरी गंमत ऐका. समजा, डोंगरमाथ्यावर पावसाचे दोन थेंब शेजारी शेजारी पडले. एक उत्तरेच्या उतारावर, दुसरा दक्षिणेच्या. उत्तरेचा थेंब ओढ्यातून तितूर नदीत येईल, चाळीसगाव पाहील, मग गिरणेत, गिरणेतून तापीत आणि सुरतेवरून थेट अरबी समुद्रात! दक्षिणेचा थेंब मात्र शिवना नदीतून गोदावरीत जाईल आणि पार बंगालच्या उपसागराला मिळेल. हातभर अंतरावरचे सोबती, पण एक पश्चिमेला गेला नि एक पूर्वेला! असं पाणी वाटून देणाऱ्या डोंगराला भूगोलात 'जलविभाजक' म्हणतात.

डोंगराच्या पायथ्याशी पाटणादेवीचं रान आहे. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं, त्यातलाच हा भाग. इथल्या पाटण गावी एक जुना शिलालेख सापडला. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ स्थापला आणि १२०७ साली त्याला दान मिळालं, असं त्यावरून कळतं. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या दरीत गणिताचे पाठ चालत होते बरं का!

पण डोंगराच्या कुशीत राहायचं, तर त्याचा स्वभावही ओळखावा लागतो. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्रीत डोंगरात प्रचंड पाऊस कोसळला. उतार तीव्र, खाली कठीण खडक. पाणी मुरणार कुठे? ते धावतच खाली आलं. तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्यांना एकदमच पूर आला. घरांत, दुकानांत पाणी शिरलं, गुरंढोरं वाहून गेली. घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला.

मग डोंगर वाईट का? छे! उन्हाळ्यात विहिरीला जे पाणी लागतं, त्यातलं कितीतरी याच उतारांवर मुरलेलं असतं. गवत, झाडं आणि पालापाचोळा धावत्या पाण्याचा पाय अडवतात, त्याला जमिनीत शिरायला वेळ देतात. म्हणून ते रान राखायला हवं. तरीही अशा मोठ्या पावसात झाडं सगळं पाणी थोपवू शकत नाहीत. तेव्हा नदीला पसरायला जागा लागते. एरवी कोरडं दिसणारं पात्र रिकामं पडलेलं नसतं, ती पाण्याची वाट असते. तिच्यात भराव टाकला, कचरा लोटला, घरं बांधली, तर पाणी आपल्या दारात येणारच.

तर मुलांनो, या सुट्टीत एक काम करा. आपल्या गावातला ओढा कुठून निघतो, कोणत्या नदीला मिळतो, शेवटी कोणत्या समुद्रात जातो, हे आजी-आजोबांना विचारा. मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं, तेही विचारा. मग वहीत त्याचा नकाशा काढा आणि पुराची रेघ लाल पेन्सिलीने ओढा. आपल्या गावाचा याहून उपयोगी नकाशा दुसरा नसेल!