बैठकीत पोरं हवीत

वज्रेश्वरीत पोरांची भांडणं हातघाईवर आली की मला भिवंडीच्या मोहल्ला समित्या आठवतात. १९७० आणि १९८४च्या दंगलींनी होरपळलेल्या त्या शहरात तेव्हाचे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी हिंदू-मुस्लिम दोन्ही समाजांची साधी माणसं गल्लोगल्ली एकत्र बसवली. शेजाऱ्यांचे किरकोळ तंटेही तिथेच मिटत. ओळख आधीच झालेली, त्यामुळे अफवा उठली तर खरंखोटं विचारायला पलीकडे माणूस होता. १९९२-९३मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली! केवढी मोठी गोष्ट ही. तरी २००६मध्ये तिथे पुन्हा रक्त सांडलं, दोन पोलीस मारले गेले. म्हणजे समितीला सतत राबतं ठेवावं लागतं. आपल्याकडच्या अशा बैठकांत मात्र ज्येष्ठच बोलतात, विशीतली पोरं दाराशी उभी. हे मला फार खुपतं. चैत्रातल्या जत्रेआधी बैठक घ्यायची, तर पहिलं बोलावणं त्यांनाच जायला हवं.