अंगी लागणे

आमच्या आजीच्या बोलण्यात अन्न अंगी 'लागत' असे. तान्हे मूल बाळसे धरी, बाळंतीण अंगाने भरे, आणि माहेरी आलेली लेक 'वाळलेली' दिसली की आजी आधी तिच्या सासूची चौकशी करी. वाळणे, सुकणे, झडणे, रोडावणे, खंगणे. कृश होण्यासाठी तिच्यापाशी असलेली बहुतेक क्रियापदे पिकाची नाहीतर दुखण्याची होती. १९७२च्या दुष्काळात कामावर खडी फोडून, वाटपाची सुकडी मुलांच्या तोंडी घातलेल्या बाईला शरीराचा भर हा दोष वाटणे कठीणच होते.

म्हणून जुनी भाषा उदार होती, असे मात्र नव्हे. 'भारदस्त' आणि 'वजनदार' ही विशेषणे तिने प्रायः पुरुषांसाठी राखून ठेवली. अमक्याचे गावात वजन आहे, असे म्हणताना त्याची ढेरी कोणी पाहत नाही. पाहिलीच, तर ती खात्यापित्या घरची खूण ठरते. बाईच्या वाट्याला 'ढोली' आणि 'म्हैस'. (काव्यही फार निराळे नाही. मेघदूतातील यक्षपत्नी नितंबांच्या भाराने मंद चालते, पण कटी क्षीणच हवी. भार कोठे शोभतो, हे पाहणारा ठरवतो.)

आता अंगी लागणारे अन्न 'अंगावर' येऊ लागले आहे. सप्तमीच्या जागी एक शब्दयोगी अव्यय आले, आणि आपलेच मांस आपल्याला परके झाले. पूर्वी माणूस वाळत असे. आता तो वजन 'कमी करतो'. वाक्याला कर्ता मिळाला, तसा ज्याला ते जमत नाही त्याला आपोआप अपराधही मिळाला. 'तब्येत सुधारलेली दिसते' या वाक्यातील खोच तर कोशात सापडायची नाही.

गेल्या वर्षी आईला घेऊन एका लग्नाला गेलो होतो. केमोथेरपी नुकतीच संपली होती. आजाराची वाच्यता आम्ही केली नव्हती. दोन वेळा आत घेतलेला ब्लाउजही तिला सैल होत होता. "अय्या, किती छान बारीक झालात! काय करता हो?" असे तिला मांडवात तिघींनी विचारले. तिन्ही वेळा आई नुसती हसली. एकीला तर तिने "काही नाही, चालायला जाते" असेही सांगितले.

मग कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या तिच्या म्हाताऱ्या चुलतीने तिचे मनगट हातात घेतले. "वाळलीस गं पोरी," एवढेच ती म्हणाली. आई तिच्याशेजारी टेकली, ती शेवटची पंगत उठेपर्यंत तेथून हलली नाही.