परसाकडचे शब्द

१९९६ च्या पावसाळ्यात मी २६ वर्षांचा होतो आणि भाषाशास्त्रातील पीएच.डी.साठी पुण्याच्या एका वसतिगृहात राहत होतो. शेतकऱ्यांच्या बोलीतील शब्दसंपत्ती हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून गावोगाव हिंडावे, पारावर किंवा गोठ्यात बसून माणसांना बोलते करावे आणि रात्री खोलीवर येऊन शब्दांच्या चिठ्ठ्या लिहाव्यात, असा माझा क्रम होता. जनावरांच्या रोगांची नावे मी फार आवडीने जमवली होती. बुळकांडी, फऱ्या, तिवा, घटसर्प, लाळ्या-खुरकूत, यांतील प्रत्येक शब्दापुढे त्या रोगाची लक्षणे शेतकऱ्याच्याच तोंडच्या भाषेत नोंदलेली असत.

त्याच दिवसांत मला शौचावाटे रक्त पडू लागले होते. हे वाक्य आज मी सहज लिहिले. त्या वेळी ते उच्चारायला मला आठ महिने लागले.

त्या आठ महिन्यांत मी काय केले? पहाटे चार वाजता, वसतिगृह झोपेत असताना उठू लागलो, म्हणजे रांगेत उभे राहावे लागू नये. ही मूळव्याध असावी, असे स्वतःच ठरवून टाकले. तिखट सोडले, रात्री इसबगोल घेऊ लागलो. एस.टी.च्या तीन-चार तासांच्या प्रवासाची धास्ती वाटू लागली, म्हणून गावांना जाणे थांबवले. वजन आठ किलोंनी उतरले. मार्गदर्शकांनी काळजीने विचारले तेव्हा ‘पोट जरा बिघडले आहे’ एवढेच म्हणालो. त्यांनी ओवा आणि हिंग घ्यायला सांगितले. सल्ला चुकीचा नव्हता. मी त्यांना जो शब्द दिला होता, त्या शब्दाला तो योग्यच होता.

भाषेचा अभ्यासक या नात्याने मी नंतर या मौनाचा पुष्कळ विचार केला. आपल्या भाषेत या क्रियेसाठी शब्द कमी नाहीत. पण सभ्य समजले जाणारे शब्द क्रियेचे नाव घेतच नाहीत. ‘परसाकडे जाणे’ यात केवळ जागा आहे, ‘बहिर्दिशा’ यात केवळ दिशा आहे. ‘शौच’ हा शब्द ‘शुचि’पासून आलेला, त्याचा मूळ अर्थ शुद्धता. म्हणजे क्रियेनंतरच्या स्वच्छतेचे नाव आपण क्रियेला दिले. ‘टॉयलेट’ हा तर फ्रेंचमधून इंग्रजीत आणि तेथून आपल्याकडे आलेला शब्द. मुळात तो एका लहानशा कापडाचे नाव होता. एक शब्द वापरून वापरून मळला की समाज दुसरा, दूरचा शब्द आणतो, आणि तोही काही काळाने मळतो.

संस्कृत साहित्यशास्त्रात अश्लीलत्व या काव्यदोषाचे तीन प्रकार सांगितले आहेत: व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल. लाज आणणारे, किळस आणणारे आणि अशुभ सुचवणारे शब्द कवीने टाळावेत, असा त्याचा अभिप्राय. बांगडी ‘फुटली’ न म्हणता ‘वाढवली’ म्हणतो, तेव्हा आपणही तिसरा दोष टाळत असतो. माझ्या दुखण्यात हे तिन्ही एकत्र आले होते. सांगायची लाज होती, पाहायची किळस होती आणि त्यामागे एका रोगाची भीती होती, ज्याचे नाव मी मनातसुद्धा घेत नव्हतो. काव्यासाठी सांगितलेला नियम मी स्वतःच्या देहाला लावून बसलो होतो.

अखेर जिन्यावर चक्कर येऊन पडलो आणि मित्राने मला एका पोटविकारतज्ज्ञांकडे नेले. मी सवयीप्रमाणे ‘पोटाचा त्रास’ म्हणालो. त्यांनी शांतपणे विचारायला सुरुवात केली. दिवसातून किती वेळा जावे लागते? रात्री झोपेतून उठावे लागते का? रक्त वेगळे पडते की मिसळलेले असते? आव पडते का? मी मान खाली घालून उत्तरे देत गेलो. शेवटी त्यांनी विचारले, “घरात कोणाला आतड्याचा विकार होता?” मी म्हणालो, “आजोबा पोटाने गेले, एवढे ऐकून आहे.” त्यांनी त्या रकान्यात एक प्रश्नचिन्ह काढले आणि कोलोनोस्कोपी करावी लागेल, असे सांगितले. ग्रीक भाषेत ‘कोलोन’ म्हणजे मोठे आतडे आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे, हे मला ठाऊक होते. ते पाहणे कसे असते, याची मात्र कल्पना नव्हती.

तपासणीच्या दिवशी घरचे माणूस सोबत हवे, अशी अट होती. म्हणून जत तालुक्यातील आमच्या गावी फोन करून निरोप ठेवावा लागला. अण्णा दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आले. वसतिगृहातील सामाईक संडास पूर्वतयारीसाठी उपयोगाचा नव्हता, म्हणून त्याच मित्राने आपल्या दोन खोल्यांची किल्ली आम्हांला दिली आणि तो बायकोसह सासुरवाडीला गेला.

तयारीचा कागद अण्णांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. आदल्या दिवशी दूध, भाजी, फळे, काहीही घन पदार्थ नाहीत. गाळलेली पेज, नारळपाणी, लिंबाचे सरबत एवढेच चालेल. लाल रंगाचे पेय नको, कारण आत त्याचा रंग रक्तासारखा दिसू शकतो. संध्याकाळपासून एक पावडर दोन लिटर पाण्यात कालवून थोडीथोडी प्यायची. तिची चव खारट, बुळबुळीत, समुद्राच्या पाण्यात साबण विरघळल्यासारखी होती. कागदावरचे शेवटचे वाक्य असे होते: मल स्वच्छ, फिकट पिवळ्या पाण्यासारखा होईपर्यंत तयारी पूर्ण झाली असे समजू नये.

पहिला पेला पोटात गेल्यावर तासाभराने जे सुरू झाले, ते मध्यरात्र उलटली तरी थांबले नाही. प्रत्येक वेळी मी बाहेर आलो की अण्णा दाराशी कंदिलासारखे जागे असत आणि विचारत, “आता कसं?” मी ‘ठीक’ म्हणे. तिसऱ्या की चौथ्या वेळी ते रागावले.

“ठीक म्हंजे काय? रंग कसा हाय? पातळ हाय का अजून गाळ येतोय? रगात हाय?”

मी गप्प राहिलो. ते म्हणाले, “लाजतोस कशाला? सकाळी गोठ्यात गेलो की पयलं शेणच बघतो आपण. शेण बघितल्याबिगर जनावराचं दुखणं कळत न्हाई. तुझी आय तर तुझं दुपटं बघूनच सांगायची, पोराला काय बाधलंय ते.”

माझ्या चिठ्ठ्यांच्या खोक्यात हे सारे होते. जनावराविषयी आणि तान्ह्या बाळाविषयी आपली भाषा किती नेमकी आणि निःसंकोच आहे, हे मीच नोंदवून ठेवले होते. शब्द होते, मोठ्या माणसाने ते स्वतःसाठी वापरायची परवानगी तेवढी नव्हती. त्या रात्री ती मला वडिलांनी दिली. पुढच्या प्रत्येक खेपेला मी बाहेर येऊन सरळ सांगू लागलो: पातळ, तांबूस, गाळ कमी. मग पिवळट. मग पाण्यासारखे.

तीनच्या सुमारास पेल्यातले उरलेले पाणी मी घोट घोट घेत असताना अण्णा एकाएकी म्हणाले, “तुझ्या आज्याचं पण असंच हुतं. दोन वरसं रगात पडत हुतं. कुणाला सांगितलं न्हाई. मी पंधरा वर्सांचा. ओढ्यावर धोतर धुताना बघितलं, पर मी बी कुणाला बोललो न्हाई.” एवढे बोलून ते भिंतीला टेकून बसून राहिले. आजोबा १९५८ साली गेले. ‘पोटाने गेले’ या पाच अक्षरांच्या पडद्याआड आमच्या घराने ती दोन वर्षे झाकून ठेवली होती.

सकाळी रुग्णालयात पाठीमागे उघडा असलेला अंगरखा घालून मला डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवले. हाताच्या शिरेत गुंगीचे इंजेक्शन दिले. बोटाएवढ्या जाडीची लवचीक नळी आत सरकू लागली. आतडे फुगवण्यासाठी हवा सोडतात, तेव्हा पोटात मुरडा आल्यासारखे दुखले. मी कण्हलो की डॉक्टर थांबत आणि परिचारिका माझे पोट हलकेच दाबून धरी. अर्धवट गुंगीत पडद्यावर मला स्वतःचे आतडे दिसले. मला वाटले होते, काहीतरी ओंगळ दिसेल. दिसला एक ओला, चकचकणारा बोगदा. जिथे तो लाल, सुजलेला होता, तिथेच चिमट्याने तुकडे काढले गेले, आणि ते मला जाणवलेसुद्धा नाहीत. आतल्या त्वचेला ताण कळतो, कापणे कळत नाही, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. सगळे अर्ध्या-पाऊण तासात आटोपले.

निदान झाले व्रणयुक्त बृहदांत्रदाहाचे. डॉक्टर त्याला अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. कर्करोग नव्हता. हा विकार बहुधा तरुण वयातच डोके वर काढतो, मुळापासून जात नाही, पण औषधांनी आटोक्यात ठेवता येतो. तो दीर्घकाळ राहिला तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून काही वर्षांनंतर ठरावीक मुदतीने तपासणी करत राहावी लागते. ती मी आजही करतो. पावडरची चव थोडी सुधारली आहे.

आजोबांनी सांगितले असते तरी ते वाचले असते, असे मी म्हणू शकत नाही. त्यांना काय झाले होते, हेच कुणाला ठाऊक नाही. आणि अशी लवचीक नळी मोठ्या आतड्यात नेण्याचे तंत्र १९६० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झाले. त्यांच्या मौनाला निदान काळाची सबब होती. माझ्यापाशी डॉक्टर होते, तपासणी होती, शब्दांनी भरलेले खोके होते. तरी मी आठ महिने गप्प राहिलो.

विद्यार्थी मित्रहो, आपण भाषेचा अभ्यास करताना शिष्ट आणि ग्राम्य, वाच्य आणि अवाच्य असे भेद शिकतो. ते भेद साहित्यापुरते आणि सभेपुरते खरे आहेत. डॉक्टरांच्या टेबलासमोर मात्र नेमका शब्द हाच शिष्ट शब्द असतो. आपल्यापैकी बरेच जण संसार आणि नोकरी सांभाळून शिकत आहेत. आपल्या दुखण्याला सर्वांत शेवटी वेळ देण्याची सवय अशा माणसांना लवकर लागते, म्हणून हे सांगितले.

अण्णा आता नाहीत. तपासणीपूर्वीचा अर्ज भरताना कौटुंबिक इतिहासाचा रकाना येतो. पूर्वी तेथे प्रश्नचिन्ह होते. आता मी लिहितो: आजोबा, दोन वर्षे शौचावाटे रक्तस्राव, तपासणी झाली नाही, मृत्यू १९५८. माझ्या मुलीलाही हे वाक्य पाठ आहे.