तुमच्यात आणि आपल्यात

मराठी मुसलमानाला आयुष्यभर एक शब्द ऐकावा लागतो, ‘तुमच्यात’. तुमच्यात पुरणपोळी करतात का? तुमच्यात मुलींना इतकं शिकवतात? विचारणारा बहुतेक वेळा वाईट नसतो, त्याला खरंच माहीत नसतं. पुण्यात शिकत असताना राजगडाच्या वाटेवर एका काकांनी माझा स्कार्फ बघून कौतुकानेच विचारलं होतं, “अरे वा, तुमच्यातपण गडावर येतात?”

या शब्दाला एक जुळा भाऊ आहे, ‘आपल्यात’. तो आपल्या घरात राहतो. आपल्यात बायका असल्या ठिकाणी जात नाहीत. आपल्यात हे शोभत नाही. एक भाऊ बाहेरून दार लावतो, दुसरा आतून कडी घालतो. आत बसलेल्या माणसाला दोन्हींत फारसा फरक जाणवत नाही.

हे सगळं मला ओस्लोमध्ये, भाभींबरोबर स्कीवर गेलेल्या एका दिवसामुळे नीट कळलं.

भाभी मूळच्या खेडजवळच्या एका गावच्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आल्या, त्याला तेव्हा दोन हिवाळे झाले होते. दोन्ही हिवाळे त्यांनी खिडकीतून बघितले. मुलगी दुसरीत. इथल्या शाळांमध्ये हिवाळ्यात एक ‘स्की-दिवस’ असतो, मुलं दिवसभर बर्फावर असतात, जमेल तसे आईवडीलही जातात. आदल्या वर्षी भाभी गेल्या होत्या, पण शाल गुंडाळून कडेला उभ्या राहिल्या. घरी आल्यावर मुलीने विचारलं, “अम्मी, तुला का नाही येत?” त्यांनी खेडला बहिणीला फोनवर हे सांगितलं. बहीण म्हणाली, “आपल्यात असलं काही नसतं म्हणून सांग तिला.” भाभींनी तसं सांगितलं. मुलगी म्हणाली, “पण मला तर येतं.”

हे सांगताना भाभींचा आवाज बदलला होता. सात वर्षांच्या पोरीने कोणाचाही अपमान न करता विचारलं होतं, की मग मी ‘आपल्यात’ आहे की नाही?

मग पुढच्या स्की-दिवसाच्या दोन आठवडे आधी, फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही चौघी निघालो. भाभी, मी, माझी ऑफिसातली नॉर्वेजियन मैत्रीण, आणि ओस्लोतच जन्मलेली एक पाकिस्तानी पंजाबी मैत्रीण. मुलीला बरोबर घ्यायचं नाही, ही भाभींची एकच अट. “पहिल्यांदा पडेन ती तिच्यासमोर नको.”

स्की म्हटलं की आपल्याला गुलमर्ग आठवतं. पाळण्यातून वर जायचं आणि डोंगरावरून सुसाट खाली यायचं. हा प्रकार वेगळा. यात पट्ट्या अरुंद आणि हलक्या असतात, बुटाचा फक्त पुढचा भाग अडकवलेला असतो, टाच मोकळी उचलली जाते. दोन हातांत दोन काठ्या. जंगलातून, चढावरून, सपाटीवरून आपल्या पायांनी जायचं. एका अर्थाने हे बर्फावरचं चालणंच. ‘स्की’ हा शब्द जुन्या नॉर्स भाषेतल्या फाडलेल्या लाकडाच्या शब्दावरून आला आहे.

सामानाचा प्रश्न नव्हता. खेळाचं साहित्य उसनं देणारी केंद्रं नॉर्वेत ठिकठिकाणी आहेत, स्की, बूट, काठ्या काही दिवसांसाठी फुकट मिळतात. या केंद्रांचं नाव ‘बुआ’. उर्दूत बुआ म्हणजे आत्या. भाभी म्हणाल्या, “फुकट देते म्हणजे आत्याच असणार.”

ओस्लोची मेट्रो तुम्हाला थेट जंगलाच्या दारात सोडते. सोंग्सवान हे एका मार्गाचं शेवटचं स्टेशन. उतरलं की समोर गोठलेलं तळं आणि मागे नूरमार्का, मैलोन् मैल पसरलेलं जंगल. या जंगलात बांधकाम होऊ नये म्हणून २००९ साली खास कायदा झाला. त्याआधीपासून, १९५७ च्या कायद्याने, देशातल्या मोकळ्या रानात चालण्याचा हक्क सगळ्यांना आहे, जमीन कोणाच्याही मालकीची असो. वाटांवरचा बर्फ यंत्राने दाबून त्यात स्कीसाठी दोन समांतर खाचा पाडलेल्या असतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. १८८३ मध्ये स्थापन झालेली एक स्की संघटना हे काम करते.

मेट्रोच्या डब्यात सगळ्यांच्या डोक्यावर लोकरी टोप्या आणि गळ्याभोवती, हनुवटीपर्यंत, कापडी नळ्या. पंजाबी मैत्रीण हळूच म्हणाली, “आज तो सब हिजाब में हैं.” भाभी पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

तळ्याकाठच्या सपाट जागेत सुरुवात केली. भाभी दहा मिनिटांत चार वेळा पडल्या. उठायचं कसं हे आधी शिकावं लागतं. दोन्ही पट्ट्या एका बाजूला समांतर आणायच्या, गुडघ्यांवर यायचं, मग एकेक पाय. आमच्या नॉर्वेजियन मैत्रिणीला स्की चालायला लागल्यापासून येते, त्यामुळे कसं येतं हे तिला सांगता येत नव्हतं. ती म्हणे, “सगळं वजन एका पायावर टाक, मग दुसऱ्यावर.” पुढे सरकण्याचं रहस्य एवढंच आहे. पट्टी मध्यभागी किंचित कमानदार असते. दोन्ही पायांवर सारखं वजन असेल तेव्हा तो मधला भाग बर्फाला नीट टेकत नाही आणि पट्टी घसरते. पूर्ण वजन एका पायावर आलं की तो भाग बर्फाला चिकटतो आणि मागे रेटा देता येतो. चांगले स्कीवाले तिथे हवेच्या तापमानाप्रमाणे वेगवेगळं मेण लावतात. भाभींच्या उसन्या पट्ट्यांना मेणाऐवजी मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीची पट्टी होती. पुढे सरकताना केस झोपतात, मागे जाताना उभे राहून बर्फ धरतात.

हे मी मराठीत समजावत होते तेवढ्यात भाभी म्हणाल्या, “थांबा. म्हणजे बांधावरून चालतात तसं?”

भातशेतीचा बांध पावसात कसा असतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. वीतभर रुंद, शेवाळलेला, दोन्ही बाजूंना चिखल. त्यावरून डोक्यावर ओझं घेऊन जाताना एका वेळी एकाच पायावर उभं राहावं लागतं. दोन्ही पायांवर वजन वाटलं की घसरलाच. भाभींनी ते लहानपणापासून केलं होतं. त्यांनी गुडघे किंचित वाकवले, नजर पायांवरून काढून पुढे लावली, आणि त्या चालू लागल्या. सुंदर नव्हतं ते, पण चालणं होतं. नॉर्वेजियन मैत्रीण विचारत राहिली, बांध म्हणजे काय?

पुढे इथले शब्दही भाभींच्या ओळखीचे निघाले. चढावर पट्ट्यांची टोकं बाहेर वळवून चढतात, बर्फावर उमटणाऱ्या नक्षीला नॉर्वेजियनमध्ये ‘माशाचा काटा’ म्हणतात. उतारावर टोकं जवळ आणून टाचा फाकवतात, त्या ब्रेकचं नाव ‘नांगर’. मासे आणि नांगर. “हे तर आमच्याकडचेच लोक,” भाभी म्हणाल्या.

वाटेत समोरून येणारा प्रत्येक जण ‘प्रवास चांगला होवो’ अशा अर्थाचे दोन शब्द म्हणत होता. उच्चार ‘गू तूर’. पहिल्यांदा ऐकल्यावर भाभी जागीच थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघी इतक्या हसलो की त्या पाचव्यांदा पडल्या. मराठी न येणाऱ्या त्या दोघींना कारण सांगायला पाच मिनिटं लागली.

साडेबारानंतर जोहरची वेळ झाली. वजू घरूनच करून निघालो होतो. इथे प्रत्येकाच्या पिशवीत बर्फावर बसायला फोमची छोटी घडीची चटई असते, तीच जानमाज झाली. दुपारचा सूर्य बरोबर दक्षिणेला, झाडांच्या शेंड्यांना टेकलेला. त्याच्या थोडं डावीकडे वळलं की किब्ला. भाभींना लाज वाटत होती, लोक बघतील. वाटेपासून जरा आत, पाइनच्या झाडांमागे आम्ही आळीपाळीने नमाज पढलो. एक म्हातारं जोडपं शेजारून सरकत गेलं. सलाम फेरल्यावर मागून नेहमीसारखंच ‘गू तूर’ ऐकू आलं. भाभींनी हसू कसंबसं दाबलं.

थर्मासमधला चहा पिताना मी त्यांना रशीदुद्दीनची गोष्ट सांगितली. इराणच्या मंगोल दरबारातला हा वजीर. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने फारसीत ‘जामिउत्तवारीख’ हा मोठा इतिहास लिहिला. त्यात उत्तरेकडच्या जंगलातल्या लोकांचं वर्णन आहे. ते ‘चाना’ नावाच्या फळ्यांवर उभे राहतात, हातातल्या काठीने बर्फ रेटत पाण्यावरच्या होडीसारखे जातात आणि जनावरांची शिकार करतात. ज्याला नीट येत नाही त्याचे पाय फाकतात, विशेषतः उतारावर, हेही त्याने नोंदवलं आहे. भाभींनी विचारलं, “म्हणजे सातशे वर्षांपूर्वी एका मुसलमानाने माझ्याबद्दल लिहून ठेवलंय?”

आमचा बेत उल्लेवोलसेटरला जायचा होता. तळ्यापासून चढावर पाच-साडेपाच किलोमीटरवर जंगलातलं ते उपाहारगृह, तिथे गरम वाफल मिळतात. अर्ध्या वाटेवर दोन वाजले. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इथे पाचच्या आत सूर्य मावळतो आणि नवख्या माणसाला उतार चढापेक्षा जड जातो. भाभींना पुढे जायचं होतं. “इतकं आलोय तर पोचूया, नाहीतर घरी काय सांगू?”

नॉर्वेजियन मैत्रिणीने चॉकलेटचं वेष्टन उलटं करून दाखवलं. ‘क्विक लुन्श’ हे चॉकलेट १९३७ पासून इथल्या प्रत्येक सहलीत असतं. आतल्या बाजूला डोंगरात जाण्याचे नियम छापलेले असतात. त्यांतला एक सांगतो की वेळेत परत फिरा, मागे वळण्यात लाज नाही. ज्या देशात मुलं स्कीवरच मोठी होतात, त्या देशाला हे चॉकलेटच्या कागदावर छापावं लागतं. भाभींनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि पट्ट्या वळवल्या.

खाली येताना त्यांनी नांगर धरला, सोडला, पुन्हा धरला. एका उभ्या उतारावर पट्ट्या काढून हातात घेतल्या आणि कडेकडेने चालत आल्या, म्हणजे मागून येणाऱ्यांचे रूळ मोडत नाहीत. तीन-चार वर्षांचं एक पोर त्यांच्या शेजारून भुर्रकन गेलं. त्या म्हणाल्या, “जा बाबा, जा.”

बर्फ नॉर्वेवाल्यांचा, गड अमुकांचा, समुद्र तमुकांचा, अशी वाटणी आपण डोक्यात करून ठेवतो आणि मग परवानगीची वाट बघत बसतो. त्या जंगलात भाभींना कोणी अडवलं नव्हतं, कायदा तर कधीचा त्यांच्या बाजूने होता. कमी होती ती चार माणसांची, जी त्यांच्या वेगाने चालतील आणि पडल्यावर शांतपणे थांबतील. शिकणाऱ्याला एवढंच लागतं. आपल्या समाजात शिक्षणापासून पोहण्यापर्यंत अनेक गोष्टी अशाच अडल्या आहेत. धर्म आडवा येतो असं बाहेरचे म्हणतात, रीत आडवी येते असं घरचे म्हणतात, आणि सोबत जायला मात्र कोणी निघत नाही.

स्की-दिवशी भाभी गेल्या. दोनदा पडल्या. दुसऱ्यांदा मुलगी वरून ओरडली, “अम्मी, नांगर!” कोणीतरी काढलेला तो व्हिडिओ त्यांनी खेडला पाठवला. बहिणीचा रात्री फोन आला. तिने ‘आपल्यात’चं नावही काढलं नाही. तिला विचारायचं होतं, पडल्यावर लागतं का?