मुलांनी दिलेला निवाडा

गणपतीच्या आरतीनंतर पानं वाढली होती आणि विषय निघाला ब्रुकलिनमधल्या रेड हुकच्या युथ कोर्टाचा. मंडळातले एक जुने काका म्हणाले, "पोरांनीच पोरांना शिक्षा करायची? हा पोरखेळ झाला!" पंगतीत मी गप्प राहिलो, पण उत्तर द्यायलाच हवं.

हे कोर्ट 1998 मध्ये सुरू झालं. तिकीट चुकवून सबवेत शिरणं, शाळा बुडवणं, भिंती रंगवणं, अशी किरकोळ प्रकरणं तिथे येतात. न्यायाधीश, ज्युरी, बाजू मांडणारे, सगळे किशोरवयीन. काही आठवडे शिकून, परीक्षा देऊन बसलेले. बहुतेक युथ कोर्टांत मूल चूक कबूल करूनच येतं. ठरायचं असतं ते भरपाई कशी करायची एवढंच. का केलंस, बरोबर कोण होतं, घरी काय सांगितलंस, असं विचारून ज्युरी समाजसेवेचे तास, माफीचं पत्र, निबंध असं काही ठरवते. मोठ्यांपुढे मान खाली घालून सुटता येतं. बरोबरीच्या मुलांना थाप लगेच कळते.

काकांच्या मनात जातपंचायत असावी. तिथेही ओळखीचीच माणसं निवाड्याला बसतात. पण जातपंचायत दंड उकळते, वाळीत टाकते, लग्नाला आणि मयतालाही येऊ देत नाही. महाराष्ट्राला त्याविरुद्ध 2016 चा कायदा करावा लागला. युथ कोर्टाची रीत नेमकी उलटी. अनेक ठिकाणी चुकलेल्या मुलालाच शिक्षेचा भाग म्हणून पुढच्या प्रकरणात ज्युरीत बसवतात. पंचायत माणूस तोडते, हे कोर्ट त्याला सामावून घेतं.

सगळीकडे सारखाच गुण येतो असं नाही. अर्बन इन्स्टिट्यूटच्या 2002 च्या अभ्यासात अलास्कात युथ कोर्टातून गेलेली 6 टक्के मुलं सहा महिन्यांत पुन्हा गुन्ह्यात सापडली, नेहमीच्या पद्धतीतली 23 टक्के. मिसूरीतही मोठा फरक दिसला. ॲरिझोना आणि मेरीलँडमध्ये मात्र ठोस फरक आढळला नाही. तरी हा पोरखेळ नाही, हे माझं मत पक्कं आहे.

आता कामाचं. मुलाला युथ कोर्टात बोलावणारं पत्र घरी आलं, तर लोक काय म्हणतील म्हणून लपवू नका. कबुलीआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डाचं काम अडकलेलं असेल तर इमिग्रेशनच्या वकिलालाही. शिक्षा पुरी झाल्यावर प्रकरण बंद होणार का, नोंद कुठे राहणार, मुदत चुकली तर काय, हे लेखी घ्या. मुलानं केलंच नसेल, तर लवकर सुटका होईल म्हणून कबूल करायला लावू नका. आणि तिथे गेल्यावर त्याच्या वतीनं आपण बोलू नका.

मूल हायस्कुलात असेल, तर जवळच्या युथ कोर्टात त्याला प्रशिक्षणासाठी जरूर पाठवा. न्याय करायला बसलेलं मूल नियम मोडण्याआधी दोनदा विचार करतं.