पहिले पाणी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे जुने लोक सांगून गेले. बांधलेले घर दुरुस्त करून पाहावे, हे सांगायला मात्र ते विसरले. आमच्या घराची दुरुस्ती २०२४ च्या उन्हाळ्यात निघाली. पंधरा दिवसांत काम हातावेगळे करतो, असे मिस्त्रींनी छातीवर हात ठेवून सांगितले होते. मृग निघाला तरी ते पंधरा दिवस संपले नव्हते.

बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. हाती आलेल्या पैशांतून काय काय करायचे, याची यादी त्यांनी जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर लिहून ठेवली होती. पुढच्या खोलीत शहाबादी काढून चकचकीत फरशी, स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा, आणि अंगणातला दगडी हौद बुजवून त्या जागी दादाची मोटारसायकल. हा हौद पणजोबांच्या वेळचा. घरात नळ आणि गच्चीवर टाकी आल्यापासून त्यात मोडकी सायकल आणि फुटक्या कुंड्या नांदत होत्या. घाईचे कारण असे, की ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. ती येण्याआधी घर कसे अगदी नवे दिसले पाहिजे, ही बाबांची हौस.

पण आदल्या वर्षीचे एक दुखणे घरात अजून पुरते विसरले गेले नव्हते. २०२३ च्या श्रावणात दादाला कावीळ झाली. दीड महिना तो अंथरुणावर होता. कोणी गळ्यात माळ घालायला सांगितली, कोणी मुळ्याचा रस. डॉक्टरांनी रक्त तपासून हेपटायटिस-ई असे नाव सांगितले आणि ही दूषित पाण्यातून येते म्हणाले. घरात लगेच आरोपी ठरला. कोपऱ्यावरचा पाणीपुरीवाला! दुसरा कोण असणार? मी तर तेव्हापासून कॉलेजातून येताना त्याच्या गाडीसमोर तोंड फिरवून चालत असे. त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता.

ताईचे ठरल्यावर आई सहज डॉक्टरांना विचारायला गेली. ते म्हणाले, "तुमच्या मुलासारख्याला ही होऊन जाते. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली, तर शंभरात वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. घरातलं पाणी आधी बघा." आई घरी आली ती गप्पच होती. रात्री जेवण वाढताना एवढेच म्हणाली, "ओटा राहू द्या."

मग पाणी शुद्ध करायचे यंत्र घ्यावे असे ठरले, आणि एक विक्रेते बॅग घेऊन आले. त्यांचा प्रयोग पाहण्यासारखा होता. एका पेल्यात आमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचे. दोन्हींत दोन-दोन कांड्या सोडून त्यांनी वीज लावली. पाहता पाहता आमच्या पेल्यात तपकिरी गाळ दाटला, त्यांचे पाणी मात्र आरशासारखे. आईने पदर तोंडाला लावला. "हे तुम्ही रोज पिता!" विक्रेते म्हणाले.

माझी एक मैत्रीण रसायनशास्त्र शिकते. ती त्या दिवशी घरी आलेली होती. तिने शांतपणे डब्यातले चिमूटभर मीठ त्यांच्या शुद्ध पाण्यात टाकले आणि "आता लावा वीज" म्हणाली. ते पाणीही तपकिरी झाले! गाळ पाण्यातला नव्हताच. कांडी लोखंडाची, पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडच झिजून गंजाच्या रूपाने उतरते. क्षार नसले तर वीज वाहत नाही आणि पाणी स्वच्छ दिसते. त्यांच्या मीटरवर आमच्या पाण्यातले विरघळलेले क्षार लिटरला ३४० मिलिग्रॅम भरले. भारतीय मानकात पाचशेपर्यंत चालतात. मुख्य म्हणजे तो आकडा क्षारांचा. जंतूंविषयी तो काहीच बोलत नाही. ज्यांच्या बोअरचे पाणी खारट आहे किंवा ज्यात फ्लोराइड आहे, त्यांना असे यंत्र लागते, हे मैत्रिणीनेच सांगितले. विक्रेत्यांनी चहा मात्र पूर्ण घेतला.

खरी गोष्ट उघडकीला आली ती मिस्त्रींच्या कुदळीने. दारापुढची पायरी बदलण्यासाठी त्यांनी खणायला घेतले आणि आमच्या नळाचा पाइप उघडा पडला. आजोबांनी टाकलेला तो लोखंडी पाइप गल्लीतल्या गटारातून आडवा आला होता. गंजून त्याचे पापुद्रे निघत होते. सांध्याला गुंडाळलेली सुतळी कुजली होती आणि त्यावर कोणी तरी कधी तरी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून ठेवली होती. नळाची वेळ संपून गेली होती. मिस्त्री म्हणाले, "मालक, जरा मोटर चालू करा." बाबांनी बटण दाबले. त्या सांध्यापाशी गटाराच्या काळ्या पाण्यात एक लहानसा भोवरा फिरू लागला. पाणी आत ओढले जात होते.

बाबा बराच वेळ तिथेच उभे राहिले. ती मोटर त्यांनीच बसवली होती. गल्लीत सगळ्यांनीच बसवली आहे, थेट नळाला जोडून. तसे करायला बंदी आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

त्यातले शास्त्र पुढे मला समजले, आणि ते सोपे आहे. नळाला चोवीस तास पाणी असेल तर पाइपात दाब असतो आणि गळके पाणी आतून बाहेर जाते. आमच्याकडे पाणी ठराविक वेळ येते. ते गेले की पाइप रिकामा होतो, दाब उरत नाही आणि बाहेरची घाण भेगांतून आत झिरपते. मोटर तर ती ओढूनच घेते. पुन्हा नळ आला की ही घाण पहिल्या पाण्याबरोबर घरात येते.

आणि इथे मला आजी आठवली. मोटर येण्यापूर्वी, नळ आला की आजी पहिल्या दोन घागरी अंगणात ओतून देई. "पहिलं पाणी पिऊ नये," एवढेच तिचे म्हणणे. आम्ही तिला हसत होतो. पाण्याची नासाडी म्हणून मी तिला एकदा शाळेतला धडाही ऐकवला होता. मोटर बसल्यावर पहिले पाणी ओतून द्यायची सोयच राहिली नाही. ते सरळ गच्चीवरच्या टाकीत जाऊ लागले. त्या टाकीतल्या पाण्याने दादा दात घासत होता, आई कोथिंबीर धूत होती. स्वयंपाकघरात यंत्र लावले असते तरी एक पेलाच काय तो शुद्ध झाला असता.

कॉलेजच्या ग्रंथालयात या विषयावर वाचताना दिल्लीची हकीकत सापडली. १९५५ च्या डिसेंबरात आणि १९५६ च्या जानेवारीत तिथे काविळीची प्रचंड साथ आली होती. यमुनेचे पात्र बदलले आणि शहराचे सांडपाणी उलट फिरून जलशुद्धीकरण केंद्राच्या तोंडापर्यंत पोचले. सुमारे एकोणतीस हजार लोक पिवळे पडले. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी कळले, की ती कावीळ म्हणजे आमच्या दादाचीच, हेपटायटिस-ई. राजधानीत नदी उलटी फिरली, आमच्या दारात गटार, फरक आकाराचा.

घरी त्या आठवड्यात वाद झाले, ते सगळे सांगत नाही. पैसे एकदाच खर्च होणार होते. फरशी आणि ओटा की पाइप आणि हौद? दादा मोटारसायकलच्या जागेसाठी भांडला, हे त्याच्या देखतच लिहिते. शेवटी बाबांनी ती यादी घेतली आणि "हौद बुजवणे" यातला दुसरा शब्द खोडून "धुणे" असे लिहिले.

मग हौद रिकामा झाला. आतून सिमेंटचा गिलावा केला, काठ अंगणापेक्षा हातभर उंच घेतला, वर घट्ट झाकण बसवले. नवा प्लास्टिकचा पाइप गटाराच्या वरून, लोखंडी नळीत घालून आणला. आता नळाचे पाणी आपल्या जोराने हौदात पडते, आणि मोटर ते हौदातून गच्चीवर चढवते. नळाला तिचा स्पर्श नाही. हौदात तीन हजार लिटर मावते. हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम चांगली ब्लिचिंग पावडर लागते, म्हणजे साडेसात ग्रॅम. एवढे मोजायचे कशावर? गल्लीतल्या सोनारकाकांनी त्यांच्या काट्यावर मोजून दिले आणि "मजुरी घेत नाही" म्हणाले. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचे पाणी हौदात सोडायचे आणि निदान अर्धा तास थांबायचे. हे काम माझ्याकडे आहे. पहिल्या दिवशी चहाला औषधाचा वास आला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

मैत्रिणीने तपासणीच्या लहान बाटल्या आणून दिल्या होत्या. ही पद्धत आपल्याच शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडली. पाण्यात विष्ठेतले जंतू असण्याचा संभव असला की बाटलीतले पाणी काळे पडते. जुन्या टाकीचे पाणी भरलेली बाटली सकाळपर्यंत शाईसारखी झाली होती. काम पुरे झाल्यावर भरलेली बाटली दोन दिवस तशीच राहिली. आईने ती देवघराशेजारी ठेवली होती. का, ते मी विचारले नाही.

ताई आली, तिच्यासाठी पाणी उकळूनच ठेवत होतो. भाद्रपदात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. बारशाला आलेल्या पाहुण्यांना शहाबादीवरच बसावे लागले. "घराचं काम काढलं होतं ना तुम्ही?" असे एका आत्याबाईंनी विचारलेही.

त्यानंतर एका संध्याकाळी मी पाणीपुरीच्या गाडीपाशी थांबले. वर्षभराचा अबोला माझ्याच बाजूचा होता, तो मोडायला खायलाच हवे असे वाटले. खाण्यापूर्वी मी विचारले, "पाणी कुठून भरता हो?"

"तुमच्याच गल्लीतून, दीदी," तो म्हणाला. "शेवटच्या घरचा नळ आहे ना, तिथून. मोटर आहे त्यांच्याकडे, डबा झटकन भरतो."

आता त्याचा डबा आमच्या हौदावर भरला जातो. दारापर्यंत चिखल होतो म्हणून आई रोज कुरकुरते. शेवटच्या घरच्या काकूंशी पाइपाचा विषय दोनदा काढून झाला. त्यांचे म्हणणे, त्यांच्याकडे अजून कोणाला काही झालेले नाही.