धरलेला हात

"आजी, गेल्या चार आठवड्यांत किती वेळा बाहेर पडलात?" या प्रश्नाला बहुतेक वेळा "जाते की अधूनमधून" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून मी विचारते, "गेल्या संकष्टीला देवळात गेला होतात?" मग वार, सोबत, वाटेत घेतलेल्या दूर्वा, सगळं आठवतं. संकष्टी ते संकष्टी, झाला महिना.

फिजिओथेरपिस्ट म्हणून घरोघरी जाताना मी दोन मोजमापं घेते. पहिलं घड्याळाचं: खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून येऊन बसायचं. बारा किंवा जास्त सेकंद लागले तर तोल जाण्याचा धोका धरतात. सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातल्या आजींना अकरा लागले. मला हायसं वाटलं.

दुसरं मोजमाप वावराचं. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात तयार झालेल्या या प्रश्नावलीत पाच टप्पे आहेत: घरातल्या खोल्या, घरालगतचं अंगण किंवा गॅलरी, आळी, गाव आणि गावाबाहेर. तिथं किती वेळा गेलात आणि कोणाच्या मदतीनं, यांवरून गुण मिळतात. एकूण १२०. आजींचे भरले २४. खोल्यांचे आठ, गॅलरीचे सोळा, पुढे शून्य.

पायांत बळ असून असं का? आजी जिन्याकडे बघत राहिल्या. अंधारा, उभा, लाकडी जिना, धरायला एक दोर. "खालच्या वहिनी हात द्यायच्या. त्या मुलाकडे गेल्या. भजनही सुटलं."

या प्रश्नावलीत एकट्यानं गेलं तर दोननं गुणायचं, काठी घेतली तर दीडनं, माणसाचा हात धरला तर एकनं. स्वावलंबन मोजायला ते योग्यच आहे. पण ज्या हातानं गुण कमी होतात, त्याच हातानं आजी घराबाहेर पडत होत्या. तो हात म्हणजे गप्पा, भजन, आळीतली ओळखपाळख. मी व्यायाम वाढवत बसले असते, तर पाय आणखी सशक्त झाले असते आणि आजी गॅलरीतच राहिल्या असत्या.

आम्ही जिन्यात दिवा आणि कठडा बसवून घेतला. समोरच्या बिऱ्हाडातल्या सूनबाई दर गुरुवारी न्यायला येऊ लागल्या. महिन्यानं पुन्हा मोजलं: ३०. सहाच गुण वाढले. ते कागदावर लिहीत होते तेव्हा आजी टाळांची जोडी पदराला पुसत होत्या. गुरुवार होता.